मुळापासून सापशिडी

मी घरच्या कॉम्प्युटरवर एक जावा वेब फ्रेमवर्क सोर्स कोडपासून स्वतः बांधलं, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी कौतुकानं मान डोलावतो आणि मग विचारतो, "कशासाठी?" मी म्हणतो, "सापशिडीसाठी." त्यानंतर त्याला अचानक काहीतरी काम आठवतं. असं फार वेळा झालं, म्हणून सगळं एकदाच सविस्तर सांगून मोकळा होतो.

सापशिडी आईची आणि मावशीची. दोघी सख्ख्या बहिणी, राहायला दोन वेगळ्या गावांत. दुपारची जेवणं आवरली की आई आपल्या खोलीत पट मांडायची, मावशी तिकडे आपल्या घरी मांडायची आणि फोनवर डाव सुरू व्हायचा. आईनं इथे फासा टाकायचा, किती पडले ते सांगायचं आणि मावशीनं तिच्या पटावर आईची सोंगटी तितकी पुढे न्यायची. मग मावशीची पाळी. दुपारभर हे चालायचं. मी ऑफिसात असायचो. सुट्टीच्या दिवशी दाराआडून जे कानावर पडायचं ते बहुतेक भांडण असायचं, त्यामुळे सगळं सुरळीत आहे एवढं मला कळायचं.

मग मावशीचे कान गेले. श्रवणयंत्र आणलं, ते शिट्ट्या मारायला लागलं. आई इकडून जिवाच्या आकांतानं "चार!" म्हणून ओरडायची. तिला चार पडले हे आमच्या इमारतीत सगळ्यांना कळायचं, मावशी सोडून. शेवटी एक दिवस आईनं फोन खाली ठेवला, पटाची घडी घालून कपाटावर टाकली आणि "पुरे झाला पोरखेळ" म्हणून भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. जन्मात दुपारी न झोपलेली माझी आई दुपारची झोपायला लागली. जेवणही दोन घासांवर आलं. "तब्येत बरी आहे ना?" म्हटलं की "मला काय धाड भरलीय?" म्हणायची आणि पुन्हा भिंतीकडे वळायची. मला ते बघवेना.

माझा मेहुणा कॉम्प्युटरच्या धंद्यात आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "भाऊजी, मोबाइलवर तयार सापशिडी मिळते. दोन मिनिटांत उतरवून घ्या." घेतली. त्या सापशिडीत प्रत्येक फाशाला टाळ्या वाजायच्या, बदकं नाचायची आणि शिडी चढण्यापूर्वी एक माणूस बूट विकायला यायचा. दुसऱ्याच्या मुलानं म्हटलेलं गाणं ऐकावं तशी आई ते सगळं सभ्यपणे बघत राहिली आणि संपल्यावर मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाली, "छान आहे हो."

तेव्हा मी ठरवलं, आपणच करायची. साधं पान, पट, दोन सोंगट्या आणि खाली लिहायला जागा, म्हणजे एकमेकींना जे बोलायचं ते लिहून बोलता येईल. मावशीचे डोळे अजून शाबूत आहेत.

"मग एखादं फ्रेमवर्क घ्या," मेहुणा म्हणाला. "फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा सांगाडा. भिंती, दारं, नळ सगळं आधीच जोडलेलं. आपण फक्त सामान लावायचं. जावामध्ये ढीगभर आहेत, ओपन सोर्स आहेत, कुणीही घ्यावं. पण तयार घ्या हं. सोर्स कोड घेऊन मुळापासून बांधत बसण्याच्या भानगडीत तुम्ही पडू नका."

त्यानं 'तुम्ही'वर दिलेला जोर माझ्या जिव्हारी लागला. मी मालवाहतुकीच्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मीच. माझा बराचसा वेळ प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढण्यात जातो हे खरं, पण कंपनीनं मला जावा या कॉम्प्युटरच्या भाषेच्या अभ्यासक्रमाला पाठवलं होतं आणि ते प्रमाणपत्र आमच्या बैठकीच्या खोलीत लावलेलं आहे. मेहुणा ज्या सोफ्यावर बसून चहा पितो त्याच्या बरोबर समोर.

"मी मुळापासूनच बांधणार," असं म्हणून मी फोन ठेवला. फोन ठेवल्यावर मुळापासून म्हणजे कुठून, हा प्रश्न पडला, पण तोपर्यंत शब्द तोंडातून गेला होता.

सोर्स कोड, म्हणजे त्या सांगाड्याचा माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर, इंटरनेटवरून मात्र अगदी शहाण्यासारखा आला. त्यात एक फाइल होती, 'आधी मला वाचा' अशा नावाची. मी आधी तिला वाचलं. एक आज्ञा द्या आणि वाट बघा, बाकी आम्ही बघून घेऊ, असा एकूण सूर होता. मी बायकोला हाक मारली, आईच्या खोलीचं दार उघडं ठेवलं आणि समारंभपूर्वक एंटर दाबलं. कॉम्प्युटर म्हणाला, तुमची जावा जुनी आहे. मी नवी आणली. तो म्हणाला, ही फारच नवी आहे. मी मधली आणली. मधली त्याला पसंत होती, पण हाक मारली की ओ जुनीच द्यायची.

"एका घरात तीन जावा?" बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "मग दुसरं काय होणार?"

हिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण दोन जावांना घराबाहेर काढल्यावर तिसरी सरळ वागायला लागली, हेही सांगितलं पाहिजे.

एवढ्यात समोरच्या दारातले पूलवाले कपबशीसकट आत आले. त्यांचं सगळं आयुष्य सरकारी पूल बांधण्यात गेलं. आता निवृत्त आहेत, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना पूलच वाटते. मी काय करतोय ते त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"सांगाडा आहे म्हणता. भार किती येणार?"

"दोन म्हाताऱ्या."

"एकाच वेळी?"

"हो, एकाच वेळी."

त्यांनी छताकडे बघत हिशेब केला. "घेईल. पण पाया बघा," असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. ते प्रकरण संपेपर्यंत उठले नाहीत, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

बिल्ड सुरू झालं. बिल्ड म्हणजे माणसांनी लिहिलेला कोड यंत्राला चालेल असा करणं, एवढीच माझी समजूत होती. पण त्या फ्रेमवर्कला आधी एक पुस्तकपेटी हवी होती, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला कोड. त्या पेटीला तिच्या ओळखीच्या आणखी चार पेट्या हव्या होत्या आणि त्या चौघींचीही आपापली माणसं होती. एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्यानं दारातून "या रे, आत या" म्हणत सगळा गोतावळा आणावा, तसं चाललं होतं. पडद्यावर नुसती नावं धावत होती. कॉम्प्युटर तापला. त्याचा पंखा असा काही घुमायला लागला की खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही घरात गिरणी टाकलीत का?"

पूलवाल्यांनी सल्ला दिला की खालून वारा खेळता राहिला पाहिजे, कॉम्प्युटर खांबांवर घ्या. खांब म्हणून घरातल्या वाट्या उपड्या घातल्या. चार पुरेनात, कारण त्यांच्या मते मध्ये आधार नसेल तर सांगाडा वाकतो. सगळ्या वाट्या गेल्या. त्या दिवशी आमच्याकडे कुणी पातळ पदार्थ जेवलं नाही. बायकोनं ताट वाढलं तेव्हा आवाज जरा जास्त झाला.

आई या सगळ्यात एकदाच बाहेर आली. दारात उभी राहून वाट्यांवरचा कॉम्प्युटर, पूलवाले आणि मी अशा क्रमानं बघितलं आणि म्हणाली, "कशाला एवढा खटाटोप करतोस माझ्यासाठी? मला आता सवय झालीय." आणि आत गेली. तिनं असं म्हटल्यावर मी माघार घेणं शक्यच नव्हतं.

गोतावळा सगळा जमल्यावर चाचण्या सुरू झाल्या. हे मला ठाऊकच नव्हतं. सांगाडा बांधून झाला की तो आपली परीक्षा आपणच घेतो. हजारो चाचण्या असतात, एकेक पास होत जाते आणि आपली छाती फुगत जाते. जवळजवळ सगळ्या झाल्या आणि शेवटाशी एक नापास. एकाच चाचणीपायी पडद्यावर लाल अक्षरांत 'बिल्ड अयशस्वी' असं आलं. मी पुन्हा केलं. पुन्हा तीच. पूलवाले म्हणाले, "एक खांब कच्चा निघाला की सगळा पूल पाडावा लागतो." त्यांना सांत्वनाची सवय नाही.

काय चुकलं ते शोधायला मला एक अख्खी सुट्टी लागली. ती चाचणी फ्रेमवर्कला एक हजार दोनशे चौतीस हा आकडा लिहायला सांगायची आणि तो इंग्रजी आकड्यांत येईल अशी वाट बघायची. आमचा कॉम्प्युटर लिहायचा १,२३४. मराठीत. का, तर आईला बातम्या वाचायला, तारीख बघायला सोपं जावं म्हणून मी त्याची सगळी भाषाच मराठी करून ठेवली होती. उत्तर बरोबर होतं, पण मराठीत दिलं म्हणून नापास. शाळेत मलाही असा अनुभव आहे, पण ते असो.

"अहो भाऊजी, मग कॉम्प्युटर इंग्रजीत करा ना," मेहुणा म्हणाला. "नाहीतर चाचण्याच वगळा. सगळे वगळतात."

चाचण्या वगळून पास होणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. कॉम्प्युटर इंग्रजीत केला. संध्याकाळी आई बातम्या वाचायला म्हणून येऊन बसली. तिनं पडद्याकडे बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, मग खुर्ची आवाज न करता मागे सारली आणि उठून गेली. मी त्याच मिनिटाला सगळं परत मराठी केलं. बदलायचंच असेल तर त्या चाचणीनं बदलावं, माझी आई बदलणार नाही, असं मी पूलवाल्यांना ठणकावून सांगितलं. ते बिचारे बिस्किट खात होते.

या फ्रेमवर्कचा कोणी मालक नसतो. जगभरचे लोक आपापल्या घरी बसून हौसेनं त्याची देखभाल करतात आणि काही बिघडलं तर त्यांना कळवता येतं. मी कळवलं. मला इंग्रजी लिहिता येतं ते ऑफिसातलं, त्यामुळे 'वरील विषयास अनुसरून आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की' या थाटाचं एक पानभर निवेदन तयार झालं. शेवटी 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असंही घातलं. पाठवून झाल्यावर वाटलं, हसतील आपल्याला. कुठले कोण मोठमोठे लोक, आणि आपण प्रिंटरवाले. पाठवलेलं मागे घेता येतं का ते बघितलं. येत नव्हतं.

उत्तर आलं. देणाऱ्याचं नाव काही कळेना, नावाच्या जागी एका कासवाचं चित्र होतं. कासवानं लिहिलं होतं, 'तुमचा कॉम्प्युटर बरोबर आहे. चूक आमच्या चाचणीची आहे. जगात सगळे इंग्रजीत मोजतात असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही बांधताय तरी काय?'

मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. "आमच्या चाचणीची चूक" हे दोनदा वाचलं. मग मेहुण्याला फोन करून वाचलं. मग पूलवाल्यांना, आणि खालच्या बाई गिरणीबद्दल पुन्हा विचारायला आल्या होत्या त्यांनाही.

"मग आता त्यांना सांगा की काय बांधताय," बायको म्हणाली.

इथे माझी पंचाईत झाली. इतक्या मोठ्या माणसांना सापशिडी कशी सांगायची? आधी लिहिलं, 'दोन ज्येष्ठ नागरिकांसाठी संवादप्रणाली.' मग ते पुसलं आणि सरळ लिहिलं की माझी आई आणि मावशी फोनवर सापशिडी खेळायच्या, मावशीला आता ऐकू येत नाही आणि आई दुपारची झोपायला लागली आहे. कासवाचं उत्तर एका ओळीचं होतं. 'आईंना सांगा, दुरुस्ती आजच होईल.' आणि केली. कोण कुठला माणूस, किंवा बाई असेल, कधी भेट होणार नाही. मी बराच वेळ त्या चित्रातल्या कासवाकडेच बघत बसलो.

नवा कोड आणला, एंटर दाबलं, वाट्या थरथरल्या. या वेळी शेवटची चाचणीही पास झाली आणि हिरव्या अक्षरांत 'बिल्ड यशस्वी' उमटलं. पूलवाले उभे राहिले. पुलाचं उद्घाटन झालं की ते उभे राहायचे, ती सवय. फ्रेमवर्क कॉम्प्युटरवर बसवलं, त्यावर सापशिडीचं पान चढवलं आणि मी मावशीच्या सुनेला निरोप पाठवला की तयारीत राहा.

पण मावशीच्या घरून आमचं पान दिसेना. मेहुण्यानं सांगितलं की घरगुती इंटरनेटचा पत्ता सारखा बदलत असतो, कंपनीकडून कायमचा पत्ता घ्यावा लागेल. मी त्या इंटरनेट कंपनीच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी वर न बघता विचारलं, "कायमचा पत्ता व्यवसायालाच मिळतो. व्यवसाय कोणता?"

"व्यवसाय नाही. घरीच हवाय."

"मग कशाला हवाय?"

माझ्या मागे मोठी रांग होती. मी आवाज शक्य तितका खाली आणून म्हटलं, "आईला सापशिडी खेळायचीय."

बाईंनी वर बघितलं. "फासा टाकून?"

"हो, म्हणजे फासा तर लागणारच."

"मग ते जुगारात येईल. साहेबांना विचारावं लागेल."

रांगेतला एक जण म्हणाला, "बघा, वय काय आणि धंदे काय." माझा पांढरपेशा बाणा त्या दिवशी त्या फरशीवर पडून फुटला. साहेबांनी माझ्याकडून दोन गोष्टी लिहून घेतल्या. खेळात पैसे लावले जाणार नाहीत, ही एक, आणि मावशी ही प्रत्यक्षात अस्तित्वात असलेली व्यक्ती आहे, ही दुसरी. शिवाय इंटरनेटवरचा पत्ता कायमचा करायला घरच्या पत्त्याचा पुरावा. सगळं झाल्यावर त्यांनी पेन उचललं आणि सही करायच्या आधी थांबले.

"मावशींना अजिबात ऐकू येत नाही?"

"अजिबात नाही."

"माझ्या वडिलांचंही तेच झालंय," ते म्हणाले. "आधी खूप बोलायचे. आता ऐकूच येत नाही म्हटल्यावर तेही बोलायचे बंद झाले." त्यांनी सही केली आणि जाताना मला दारापर्यंत सोडायला आले. असं त्या कार्यालयात कधी कुणी केलं नसावं, कारण खिडकीतल्या बाई उठून बघत होत्या.

पहिला डाव सुट्टीच्या दिवशी दुपारी ठेवला. आईला कॉम्प्युटरसमोर बसवलं, पाठीला उशी दिली. तिकडे मावशीला सुनेनं बसवलं. मला सगळ्यात जास्त अभिमान होता तो फाशाचा. बटण दाबलं की पडद्यावर फासा गरगर फिरायचा, थांबायचा आणि सोंगटी आपोआप बरोबर तितकी घरं जायची. चुकायची सोयच नव्हती. आईनं बटण दाबलं, मावशीनं दाबलं, आईनं, मावशीनं. सोंगट्या टणाटण उड्या मारत निघाल्या. बायकोनं चहाचं आधण ठेवलं होतं. ते उकळायच्या आत मावशी शंभरावर पोचली आणि खाली लिहिण्याच्या जागेत आलं, 'जिंकले. ठेवते.' पान बंद.

आम्ही टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "छान केलंयस हो."

हे 'छान' मी ओळखलं. बदकं नाचली होती तेव्हाही तेच होतं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा एक डाव खेळला, माझं मन राखायला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आज राहू दे रे," आणि भिंतीकडे वळली.

मला वाटलं, फाशात खोट आहे. तो मावशीच्या बाजूनं पडतो की काय? मी तो फासा कॉम्प्युटरकडून हजारो वेळा टाकून घेतला. एक किती वेळा, दोन किती वेळा, सगळं मोजलं. पूलवाल्यांनी प्रत्येक आकड्यावरचा भार स्वतः तपासला आणि समान आहे असा निर्वाळा दिला. त्याचा आलेख काढून, रंग भरून मी आईच्या पलंगावर जाऊन बसलो आणि तिला समजावून सांगितलं की प्रत्येक आकडा अगदी सारखाच पडतो, कुणावरही अन्याय होत नाही.

आईनं सगळं ऐकून घेतलं. "फासा चांगलाच आहे रे," ती म्हणाली. "पण फार खरा आहे."

"म्हणजे?"

तिनं आधी पूलवाले गेलेत ना ते बघितलं. मग उठून बसली. "अरे, आम्ही काय पडेल तेच सांगत होतो असं वाटलं का तुला?"

"म्हणजे तुम्ही लबाडी करायचात? दोघी?"

"लबाडी कसली त्यात? सत्त्याण्णववर आले आणि मला तीन पडले की मी एक सांगायचे. अठ्ठ्याण्णववर साप आहे. तो सरळ खाली आणतो, अठ्ठावीसवर."

"मुद्दाम हरायला?"

"हरायला कशाला? डाव संपू नये म्हणून." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "धाकटीचं लहानपणापासून तसंच आहे. हातातलं काम संपलं की उठायचं. डाव संपला की ती फोन ठेवायची, मग एक शब्द पुढे नाही. झालं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी आणि ही भिंत."

"आणि मावशीला हे कळायचं?"

"न कळायला काय झालं? ती स्वतः तेच करायची. एकाच दुपारी चार-चारदा त्या सापाच्या तोंडात जायची. एवढं फुटकं नशीब असतं का रे कुणाचं?" असं म्हणून आई हसली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

जगभरच्या लोकांना कामाला लावून, वाट्या पालथ्या घालून, मावशीच्या अस्तित्वाचं लेखी देऊन मी काय बनवलं होतं, तर दोन म्हाताऱ्यांची दुपार चहाच्या आधणाइतकी आखूड करणारं यंत्र. मला तिचे हात धरून काहीतरी म्हणायचं होतं. ते न जमून मी म्हणालो, "थांब, दुरुस्त करतो." ती म्हणाली, "आधी जेवून घे."

मी फासा काढून टाकला. गरगर फिरणारा, आलेखासकट सिद्ध झालेला माझा फासा. त्याच्या जागी एक रिकामी चौकट ठेवली आणि वर लिहिलं, 'किती पडले?' सोंगटी आपोआप उड्या मारायची तेही बंद केलं. आता फासा आपल्या घरी आपण टाकायचा, आकडा लिहायचा आणि सोंगटी आपल्या हातानं सरकवायची.

"भाऊजी, मग कुणीही काहीही लिहील!" मेहुणा फोनवर ओरडला. "निदान तपासणी तरी ठेवा काहीतरी!"

"नको," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला कारण दिलं नाही. पूलवाल्यांना वाटलं मी भार घेणारा खांबच काढला. ते दोन दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

मी ऑफिसातून एक दिवस रजा घेतली. आईनं कपाटावरून पट उतरवायला लावला. मी म्हटलं, "अगं, पट पडद्यावर आहे." ती म्हणाली, "असू दे." त्याच्या घडीत तिचा जुना, कडा झिजलेला फासा होता. तो तिनं हातात घोळवला आणि टेबलावर टाकला. मग एका बोटानं लिहिलं, 'चार.'

तिकडून लगेच आलं, 'सुरुवातीलाच चार? दाखव.'

'दाखवू कशी? विश्वास नसेल तर खेळू नकोस.'

'खेळते. मला सहा.'

'सहा म्हणे.'

मग काय, तासभर भांडण चाललं. मध्ये मावशीच्या गुडघ्यांची हकिकत आली, सुनेचं कौतुक आलं आणि ते सुनेला दिसेल म्हणून मावशीनं घाईनं पुसलंही. एका लग्नाच्या वेळी कुणी कुणाची साडी न विचारता नेसली होती, तो जुना खटला पुन्हा निघाला. आईचं लिहिणं सावकाश, त्यामुळे एकेक वाक्य पोचायला वेळ लागायचा. तोवर मावशी नुसतीच 'बरं मग?' 'पुढे?' असं लिहीत राहायची. मी दाराशी स्टूल घेऊन बसलो होतो. मला काही काम नव्हतं, पण उठवत नव्हतं.

आई सत्त्याण्णववर पोचली. फासा टाकला. तो घरंगळत टेबलाच्या कडेशी थांबला. वर स्वच्छ तीन ठिपके. आईनं हळूच त्यावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हातानं लिहिलं, 'एक.'

बराच वेळ तिकडून काही आलं नाही. मला वाटलं इंटरनेट गेलं. मी उठून तारा बघायला लागलो, तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली.

'नीट बघ गं ताई. नक्की एकच पडला?'

'एकच,' आईनं लिहिलं.

'बरं झालं.'

आईनं आपली सोंगटी सापाच्या तोंडात नेऊन तिथून सावकाश, घर न् घर मोजल्यासारखी, पार शेपटीपर्यंत खाली आणली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उभा काय राहिलास? चहा इकडेच आणून दे. आम्हाला अजून वेळ लागेल."